वसंत बापटांचे अध्यासन

मु. उमेळे, ता. वसई, जि. पालघर

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तौलनिक साहित्य हा विषय घेऊन एम. ए. करण्याचा तुझा मनोदय वाचून अतिशय आनंद झाला. ‘ह्या विषयाचा प्राध्यापक नेमके करतो तरी काय’ हा जो सवाल घरातील वडीलधाऱ्यांनी तुला घातला आहे, त्याचे उत्तर व्याख्येने देण्याऐवजी एका माणसाचे चरित्र तुझ्यापुढे ठेवावे असे मनात आले.

विश्वनाथ वामन बापट, म्हणजे आपले कवी वसंत बापट, यांचा जन्म १९२२ साली कऱ्हाडचा. शिक्षण पुण्यात चालू असताना बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी उडी घेतली, कारावास भोगला, आणि सुटून आल्यावर मराठी व संस्कृत हे विषय घेऊन अध्ययन पुरे करून मुंबईच्या नॅशनल व रुइया महाविद्यालयांत अध्यापनाची नोकरी धरली. ‘बिजली’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९४६चा. या सगळ्याबरोबरच राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी गाणी, वग, नृत्यनाट्ये लिहीत आणि ती घेऊन गावोगाव मुक्काम करीत त्यांनी जी वर्षे घालविली, ती त्यांच्या विद्वत्तेच्या हिशेबात कोणी फारशी धरीत नाही; माझ्या मते मात्र त्यांची खरी तयारी तेथेच झाली. कालिदास ज्याने मूळ संस्कृतातून वाचला आहे आणि पोवाडा, लावणी, भारूड ज्याने मैदानात बसलेल्या शेतकऱ्यासमोर उभे केले आहे, त्याच्या ठायी दोन वाङ्मये एकत्र नांदू लागतात, आणि त्यांच्यातील साम्य व भेद त्याला ग्रंथाच्या आधारावाचून कानाने उमगतात.

१९७४ साली मुंबई विद्यापीठाच्या रवींद्रनाथ टागोर अध्यासनावर तौलनिक साहित्याचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १९८२पर्यंत ते तेथे होते. लोकप्रिय कवीला विद्यापीठाने दिलेला हा मानाचा शेला होता, असे म्हणणारे तुला भेटतील; त्यांचे ऐकू नकोस. रवींद्रनाथांनी १९०७ साली कलकत्त्यास ‘विश्वसाहित्य’ या विषयावर व्याख्यान दिले, जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंनी १९५६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा केला, आणि तरीही मराठीत या अभ्यासाची पायवाट अरुंदच राहिली होती. ती रुंद करण्यासाठी बापटांनी १९८१ साली ‘तौलनिक साहित्याभ्यास’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला. इंग्रजीत लिहिला असता तर परप्रांतीय विद्वानांत त्याचा बोलबाला अधिक झाला असता, हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच! पण मराठी विद्यार्थ्याने आपल्या भाषेत उभे राहून जगाकडे पाहावे, ही दृष्टी मला त्या निवडीत दिसते, आणि या विषयाच्या प्राध्यापकाचे पहिले कर्तव्य मी तेच मानतो.

पुढे मुंबई विद्यापीठातच भालचंद्र नेमाडे तौलनिक साहित्याचे प्राध्यापक झाले. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवे येथे इंग्रजी वा मराठी शिकवून आलेला हा देशीवादाचा कादंबरीकार बापटांहून प्रकृतीने सर्वस्वी भिन्न. तरी दोघेही मराठीचे सर्जनशील लेखक असावेत, ही मला महत्त्वाची गोष्ट वाटते.

आता तुझ्या अभ्यासाविषयी. कोणी कोणाचे काय उचलले याच्या शोधात आयुष्य घालविणारे पुष्कळ आहेत. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचला, हे शोधून काढणे सोपे. पण व्हेनिसचा तो मत्सरग्रस्त सेनापती मराठी रंगभूमीवर आल्यावर त्या काळच्या प्रेक्षकाला आपला का वाटला, आणि मूळ नाटकातील वर्णभेदाची धार मराठीत कितपत टिकली, या प्रश्नांपाशी आलीस की अभ्यास सुरू झाला असे समज.

त्यासाठी सामग्री दूर शोधावयास नको. जन्माने इंग्रज असलेले फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. बायबलची कथा ज्ञानदेव-एकनाथांच्या छंदात, पुराणिकाच्या थाटात, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांसारखी सांगितली जाते, तेव्हा कथा बदलते की छंद बदलतो, की दोहोंच्या मिलाफातून तिसरेच काही जन्मते? इथे वसईत, जेथे पोर्तुगीजांचा अंमल १७३९पर्यंत चालला आणि चिमाजीअप्पांच्या विजयानंतर पेशवाईची दप्तरे सुरू झाली, तेथे सामवेदी बोलीतील लग्नगीते आजही म्हटली जातात. ती ऐकणाऱ्यास हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. सुटीत इकडे आलीस की दोन-चार वृद्ध बायांकडे तुला घेऊन जाईन. वही बरोबर आण, आणि आधी नुसते ऐक.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. मराठी, इंग्रजी, संस्कृत यांखेरीज शेजारची एक भाषा, गुजराती किंवा कन्नड, मूळ ग्रंथ वाचता येईल इतकी शीक. भाषांतराच्या भरवशावर तौलनिक अभ्यास करणारे फार झाले. फीच्या रकमेची चिंता तुझ्या आईने करू नये, तिला मी स्वतंत्र लिहीत आहे. बापटांचा ग्रंथ तुमच्या ग्रंथालयात न मिळाल्यास कळव, माझी प्रत टपालाने पाठवीन. समासांतील पेन्सिलीच्या खुणा खोडू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझा मामा