शेवटच्या कप्प्यातली कुपी

अतिदक्षता विभागाच्या औषधकपाटात कोलिस्टिन या प्रतिजैविकाची कुपी शोधावी लागत नाही, पण तिच्याकडे हातही सहज जात नाही. बोटभर उंचीची काच, रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमचं झाकण आणि तळाशी पांढुरकी भुकटी. इतर बहुतेक इंजेक्शनं मिलिग्रॅममध्ये मोजली जातात. हिचा हिशेब लाखांत चालतो: पहिला डोस बहुधा नव्वद लाख युनिटांचा. आत सलाईन सोडल्यावर सिस्टर कुपी हलवत नाहीत, तळहातांत अलगद फिरवतात. जोरात हलवली तर ती फेस धरते.

हा फेस तिच्या स्वभावातलाच. साबण तेलाचा थर फोडतो तशी ती ठरावीक जातींच्या जिवाणूंचं बाहेरचं आवरण फोडते. पण लागू पडणारी मात्रा आणि मूत्रपिंडाला इजा करणारी मात्रा यांत तिच्याकडे अंतर फार थोडं आहे.

तिचा जन्म 1949 सालचा, जपानमधला. मातीत सापडणाऱ्या एका जिवाणूपासून. दहाएक वर्षांत ती दवाखान्यांत पोचली आणि 1970 च्या दशकात मागे पडली. तिच्यापेक्षा सौम्य औषधं मिळू लागली होती, मग मूत्रपिंडाची जोखीम कोण घेणार? शतक बदलता बदलता तिला परत बोलावणं आलं. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे रुग्णालयांत मुक्काम ठोकलेले जिवाणू एकेका औषधाला दाद देईनासे झाले होते. 2008 मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णातल्या जिवाणूत एनडीएम-1 हे जनुक सापडलं. मेरोपेनेमसारखी भारी औषधं निकामी करणारं विकर त्यातून तयार होतं. अशा ठिकाणी जे थोडे उपाय उरले, त्यांत ही कुपी होती.

ती बाहेर निघते तो दिवस नातेवाइकांच्या लक्षात राहतो. अपघात झालेला असतो, डोक्याची शस्त्रक्रिया चांगली झालेली असते, रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. पाच-सहा दिवसांनी ताप चढतो. ‘कल्चर पाठवलंय, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतील.’ मग कागद येतो आणि त्यावर औषधांच्या नावांपुढे खालपर्यंत ‘आर’ लिहिलेलं असतं: रेझिस्टंट, म्हणजे लागू नाही. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘इन्फेक्शन वाढलंय, अँटिबायोटिक बदलतोय.’

इथून खर्चाची दिशा बदलते. बिलात कुपीची स्वतःची ओळ लहान असते. मोठ्या ओळी तिच्या आजूबाजूला वाढतात: अतिदक्षता विभागातला एकेक जादा दिवस, व्हेंटिलेटरचं भाडं, मूत्रपिंडासाठी वारंवार होणारी क्रिएटिनिनची तपासणी, प्रसंगी डायलिसिस, वेगळी खोली, प्रत्येक वेळी नवे हातमोजे आणि गाऊन. ती या रुग्णाला लागू पडेल का, हे तपासणंही सोपं नाही. तिचा रेणू मोठा, प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या आगरमध्ये नीट पसरत नाही. त्यामुळे नेहमीच्या चकतीच्या चाचणीवर विसंबता येत नाही, अधिक किचकट चाचणी करावी लागते.

आणि बिलात कधीच न दिसणारा खर्च. बाहेर बाकावर झोपणाऱ्या भावाचा बुडालेला रोज. गहाण पडलेलं सोनं. पेरणीसाठी ठेवलेले आणि आता औषधाच्या काउंटरवर मोजून दिलेले पैसे. सरकारी योजनेत शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं असतं. जंतुसंसर्गाने लांबवलेले दिवस त्यात मावले नाहीत, तर ते रुग्णालयाच्या नाहीतर घरच्यांच्या अंगावर पडतात. शिवाय तो पलंग अडलेला असतो, आणि त्याच्या आशेवर तालुक्याहून निघालेली रुग्णवाहिका दुसरं दार शोधत फिरते.

2019 या एका वर्षात प्रतिरोधी जिवाणूंनी जगभरात थेट सुमारे 12 लाख 70 हजार माणसं मारली, असा ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, त्यांतली जवळपास तीन लाख भारतातली. जागतिक बँकेने 2017 मध्ये हिशेब मांडला होता, की परिस्थिती फार बिघडली तर 2030 पर्यंत आणखी 2 कोटी 40 लाख लोक अतिदारिद्र्यात ढकलले जातील. बाकावरचा तो भाऊ याच आकड्यात असणार.

या कुपीला बदली मिळणंही अवघड. अकाओजेन या अमेरिकी कंपनीने प्लाझोमायसिन हे नवं प्रतिजैविक काढलं, जून 2018 मध्ये त्याला मंजुरी मिळाली, आणि एप्रिल 2019 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जे औषध जपून, क्वचित वापरायचं, त्याचा खप होणार कसा? तोवर या जुन्या कुपीलाही सुरुंग लागला होता: चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत सापडलेलं, तिला निष्प्रभ करणारं आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं जनुक 2015 मध्ये जगापुढे आलं. इतकं मोलाचं औषध आपल्याकडेही कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात मिसळलं जात होतं. भारताने जुलै 2019 मध्ये त्यावर बंदी घातली. निर्णय योग्य होता, पण उशिराचा.

माझा खरा राग मात्र दुसऱ्या गोष्टीवर आहे. हे जिवाणू एका पलंगावरून दुसऱ्याकडे बऱ्याचदा हातांवरून जातात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही खर्च वाचवायचा म्हटलं की आधी परिचारिकांची संख्या कापली जाते. एकाच सिस्टरला पाच-सहा अत्यवस्थ रुग्णांकडे धावायला लावलं, तर दर वेळी हात धुवायला ती वेळ कुठून आणणार? तिथे वाचवलेला पगार पुढे रुग्णाच्या बिलात कितीतरी पटींनी वसूल होतो.

म्हणून एक विनंती. तुमचं माणूस अतिदक्षता विभागात असेल तर संकोच न करता विचारा: एका परिचारिकेकडे किती रुग्ण आहेत? अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर घेतलं का? रिपोर्ट आल्यावर नको असलेलं औषध बंद केलं का? लघवीची नळी, गळ्यातली सुई अजून गरजेची आहे का, की काढता येईल? आणि भेटीच्या वेळी आत जाताना, बाहेर येताना स्वतःचे हात धुवा.