नॅनो, मावशी आणि तळहात

नॅनो म्हटलं की आपल्या पिढीला आधी टाटांची गाडी आठवते, आणि मग शाम्पूपासून वॉटर प्युरिफायरपर्यंत कशालाही चिकटवलेला तो शब्द. त्यामुळे गेल्या वर्षी मावशीच्या डॉक्टरांनी "नॅनोवालं इंजेक्शन देऊया" म्हटलं तेव्हा घरात दोन पक्ष पडले. एका पक्षाकडे फॉरवर्ड होऊन आलेला व्हिडिओ होता: चकचकीत गोळी शिरेतून सुसाट जाते, गाठ हुडकते आणि धडाम! दुसऱ्या पक्षाकडे दरपत्रक होतं. आणि "तू इंजिनिअर ना, वाच आणि सांग" म्हणून निवाडा माझ्याकडे. (जावा लिहिणाऱ्याला प्रिंटर दुरुस्त करता येतो आणि औषधंही कळतात, असा आमच्याकडे पक्का समज आहे. असो.)

तर औषध नवं नव्हतंच. डॉक्सोरुबिसिन, तेच लालभडक, जे मावशीला काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलं होतं. ते कॅन्सरच्या पेशी मारतं आणि हृदयाच्या स्नायूलाही इजा करतं. ही इजा साठत जाते, म्हणून डॉक्टर त्याचा आयुष्यभराचा हिशेब ठेवतात. आता कॅन्सर परत आला होता आणि मावशीच्या खात्यात फारशी शिल्लक नव्हती.

नवं होतं ते पॅकिंग. औषध चरबीच्या एका फुग्यात भरायचं, म्हणजे लिपोसोममध्ये. आकार साधारण १०० नॅनोमीटर. पण नुसता फुगा रक्तात सोडला तर यकृत आणि प्लीहेतल्या सफाई कामगार पेशी त्याला लगेच उचलतात. म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरच्या साखळ्या केसांसारख्या लावायच्या. लाडाचं नाव पेग. (कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायला जी पावडर पाण्यातून पाजतात, ती याच घराण्यातली!) पेग आपल्याभोवती पाणी धरून ठेवतं, रक्तातली प्रथिनं फुग्याला चिकटत नाहीत आणि तो दोन-तीन दिवस निवांत फिरतो. नेटवर्कवाल्यांना सांगायचं तर पेलोड तोच, फक्त पॅकेट ड्रॉप होत नाही.

आता गंमत. हृदयातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर घट्ट विणीचं, त्यातून एवढा फुगा सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या घाईघाईत बांधलेल्या रक्तवाहिन्या मात्र गळक्या असतात. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये हे दाखवलं आणि सगळं क्षेत्र त्यावर उभं राहिलं. १९९५ मध्ये अमेरिकेत 'डॉक्सिल'ला परवानगी मिळाली. हे बनवणं किती किचकट आहे ते २०१२ मध्ये कळलं. तिथे डॉक्सिलचा तुटवडा पडला आणि एफडीएने आपल्या मुंबईच्या सन फार्माचं 'लिपोडॉक्स' आयात करायला तात्पुरती मुभा दिली. पुढच्याच वर्षी त्यांच्या जेनेरिकला रीतसर मान्यताही मिळाली. कसलं भारी ना?

पण व्हिडिओतली गोळी? ती मला कुठे सापडली नाही. २००४ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ५०९ बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. साधं औषध विरुद्ध पेगवालं. कॅन्सर रोखण्यात दोघं जवळपास सारखीच. हृदयाला इजा होण्याचा धोका मात्र साध्या औषधात तिपटीहून जास्त. आणि पेगवाल्यात जवळजवळ निम्म्या जणींचे तळहात-तळपाय लाल होऊन सोलले, कारण इतके दिवस फिरणारा फुगा त्वचेतही उतरतो. म्हणजे हे क्षेपणास्त्र वगैरे नाही. मार तेवढाच, फक्त तो हृदयाऐवजी तळहातावर घ्यायचा.

मी मावशीला हे असंच सांगितलं. ती म्हणाली, "मग भाकरी कोण थापणार?" डॉक्टरांनी खरोखरच गरम पाणी, भांडी घासणं, तळव्यांवर दाब, सगळं बंद केलं. चाळीस वर्षं ज्वारीच्या भाकऱ्या थापलेली बाई पोळीवाल्या बाईंना सूचना देत बसते. तिची सगळ्यात मोठी तक्रार ही आहे, कॅन्सर नव्हे. इको अजून नीट येतोय. काका म्हणतात, बाईंनीच आता इको काढून घ्यावा, इतक्या सूचना!

गाठीपर्यंत नेमकं किती पोचतं, हे टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांचे प्रयोग तपासून २०१६ मध्ये काढलं. टोचलेल्या नॅनोकणांपैकी मध्यक ०.७ टक्के. तेही बहुतेक उंदरांमध्ये. आमच्या टीममध्ये एवढी पॅकेट्स पोचली असती तर रात्री दोनला फोन वाजला असता.

माझा एक शाळूसोबती पाषाणला एनसीएलमध्ये पॉलिमरवर पीएचडी करतोय. माशेलकरांनी जिथे हायड्रोजेलवर काम केलं तीच ही संस्था. तापमान किंवा आम्लता बदलली की फुगणारे, आकसणारे पॉलिमर तो मला दाखवतो. अशा साखळ्या गाठीजवळच्या किंचित आंबट वातावरणातच उघडाव्यात, अशी कल्पना आहे. त्याला मी ०.७ चा आकडा ऐकवला. "माहितीये," तो म्हणाला, "आम्ही त्या दशांश चिन्हावरच काम करतो."