अक्काचा नंबर ११

मंडळी, टेलिफोन एक्स्चेंज आता घरातल्या कपाटावर मावतं! १९९९ साली अमेरिकेत, अलाबामात, मार्क स्पेन्सर नावाच्या तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी फोनची यंत्रणा विकत घेणं परवडेना. त्यानं ती संगणकावर स्वतःच लिहिली आणि सगळ्यांना मोकळी करून दिली. तिचं नाव ॲस्टरिस्क.

मला तिची गरज पडली अक्कामुळे. अक्का ८४ वर्षांची, राजापूरजवळ मुलाकडे असते. घरची टेलिफोनची तार बंद पडली आणि हातात काचेचा मोबाइल आला. बोटं थरथरतात, त्यामुळे उचलायला जावं तर फोन कट होतो. "हा उचलायचा की पुसायचा रे?" म्हणाली. पुढे तिनं तो हातात घेणंच सोडलं. महिना महिना बोलणं नाही.

भाच्यानं आंतरजालाची जोडणी घेतली, तेव्हा मी नातवाला कामाला लावलं. माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स आणि ॲस्टरिस्क. अक्काकडे तिचाच जुना बटणांचा फोन आणि तो राउटरला जोडणारा छोटा डबा. (चकतीचे फोन अशा बहुतेक डब्यांना कळत नाहीत.) अक्काचा नंबर ११, माझा १२. बाहेरच्या टेलिफोनला हे जोडलेलं नाही. त्याचे सरकारी नियम वेगळे. आमचं आपलं घरातल्या घरात.

घंटी वाजली. तिला माझा आवाज जात होता, मला तिचा येईना! कारण मजेशीर आहे. घंटीचा निरोप एका वाटेनं जातो, आवाज दुसऱ्या. आवाज कुठे पाठवायचा म्हणून माझा संगणक जो पत्ता देत होता, तो घरातला, १९२.१६८ने सुरू होणारा. 'वरची आळी, पिंपळाशेजारी' हे गावात चालतं, मुंबईच्या पोस्टमनला त्याचा काय उपयोग? जोडणी देणाऱ्याकडून बाहेरचा कायमचा पत्ता मागून घेतला (खर्च काय तो याचा आणि डब्याचा), सेटिंगमध्ये लिहिला, राउटरची दारं उघडली. आणि अक्काचा खोकला ऐकू आला.

दारं उघडली की चोरही येतात. नोंदवहीत रोज कुणी अनोळखी नंबर आणि पासवर्ड चाचपून पाहताना दिसतो. पासवर्ड लांबलचक ठेवा, बाबांनो.

जुन्या फोनला वीज तारेतूनच मिळायची, एक्स्चेंजकडून, सुमारे ४८ व्होल्ट. हा मात्र घरची वीज गेली की मुका, आणि कोकणात पावसाळ्यात ती जातेच. तिकडे राउटरला आणि डब्याला बॅटरी लावली आहे. तरीही रात्री आठचा फोन आला नाही, तर मी भाच्याला मोबाइलवर आधी विचारतो, "वीज गेलीय का रे?"