दोन ग्रॅमांचा शिरस्ता

चहा चाखून त्याचा दर्जा ठरविण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने टी-बॅगेची वकिली करावी, हे आमच्या व्यवसायातील मंडळींना काहीसे धर्मबाह्य वाटते. परंतु जिच्यावर ‘पाणचट’, ‘इस्पितळातला चहा’ असे आरोप सर्रास केले जातात, त्या पिशवीची कैफियत आजवर कोणी ऐकूनच घेतलेली नाही, आणि माझ्या मते बहुतेक प्रकरणांत खरा आरोपी पाणी हाच असतो.

पिशवीचा जन्म अमेरिकेतला. मिलवॉकी येथील रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरेन या दोन स्त्रियांनी एका पेल्यापुरता चहा मावेल अशी विरळ विणीची सुती पिशवी योजली आणि १९०३ मध्ये तिचे पेटंट मिळविले. न्यूयॉर्कच्या टॉमस सलिव्हन या व्यापाऱ्याने नमुने रेशमी थैल्यांतून धाडले व गिऱ्हाइकांनी त्या थैल्यांसकट पाण्यात बुडविले, ही कथाच अधिक सांगितली जाते. योगायोगाच्या गोष्टीला श्रोते नेहमीच अधिक मिळतात.

पिशवीत भरतात ते चाळणीतून खाली उतरलेले बारीक दाणे, म्हणजे आमच्या परिभाषेत फॅनिंग्ज आणि डस्ट. त्यांना गाळसाळ समजणे अन्यायाचे आहे. कण जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग प्रमाणाने अधिक, आणि म्हणूनच रंग व कस पाण्यात त्वरेने उतरतो. मात्र पाणी खळखळून उकळलेले हवे. आपल्या स्वयंपाकघरात चहा चुलीवरच उकळत असल्याने अग्नी अखेरपर्यंत साह्य करतो आणि करणाऱ्याची हयगय झाकली जाते. पिशवीच्या वाट्याला उष्णता येते ती ओतण्याच्या एकाच क्षणी. तेथून पुढे पेला निवतच जातो. म्हणून पेला आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा, पिशवी आत ठेवून तिच्यावर उकळते पाणी ओतावे, वर बशी झाकावी आणि चार-पाच मिनिटे दोरीला हात लावू नये. कचेऱ्यांतून सकाळी भरलेल्या थर्मासमधील कोमट पाण्यात पिशवी वरखाली नाचविण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याने मनगटाला व्यायाम घडतो, एवढेच. महाबळेश्वरासारख्या उंच जागी पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते. तेथे आणखी एखादे मिनिट थांबावे.

दूध नंतर. आधी घातलेले दूध पाण्याची उष्णता हिरावून घेते, शिवाय त्यातील केसीन चहातील तुरट द्रव्यांना बांधून ठेवते. हे बंधन पेयाला सौम्य करते खरे, पण ते चहा पुरता उतरल्यावर घडावे. बोअरच्या जड पाण्याने पृष्ठभागावर तवंग धरतो. लिंबाचे चार थेंब तो आवरतात आणि रंगही उजळतात, अर्थात अशा चहात मग दूध घालण्याची सोय उरत नाही.

राहता राहिले प्रमाण. चहाचे तुलनात्मक परीक्षण करण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये ठरले, त्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटांचा अवधी सांगितला आहे. पिशवीत सामान्यतः २ ग्रॅमच असतात. तेव्हा पाव लिटरच्या मगात एक पिशवी सोडून तिला बेचव ठरविणाऱ्यांचा दावा दाखल करून घेण्याजोगाही नाही. पाहुण्याला दुसरा पेला द्यायचा तर दुसरी पिशवी काढावी. वापरलेली पिशवी बशीत जपून ठेवणाऱ्या यजमानांच्या काटकसरीविषयी मला नितांत आदर आहे. त्यांच्या घरी मी कॉफी मागतो.