धूर येतो का बघ

अप्पा जाऊन चौदा महिने झाले होते आणि तेवढेच महिने त्यांची जीप राजूरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. जानेवारीत मी ती सुरू करायला गेले. बॅटरी पार उतरलेली होती, म्हणून शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरची आणून लावली. सेल्फ चांगला जोरात फिरला, पण इंजिन काही लागलं नाही. एका गॅरेजवाल्यानं फोनवरच निदान केलं, ‘पंप गेलाय ताई, खोलावा लागेल.’ भाऊ म्हणाला, भंगारात देऊन टाकू. मी दोघांनाही हो-ना काहीच बोलले नाही. गाडीला हात न लावता, तिच्याकडे न बघता दिलेलं निदान अप्पांनी कधी मानलं नसतं.

अप्पा गुरांचे डॉक्टर. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, रतनवाडी, साम्रद, घाटघर या पट्ट्यात, डांगी जनावरांत त्यांची सगळी नोकरी गेली. ही एमएम ५४० त्यांनी १९९२ साली घेतली, जुनीच. तेव्हा मी आठ वर्षांची होते. पाऊस सुरू व्हायच्या आत घटसर्पाच्या लसी पाड्यापाड्यांवर पोचवायच्या असत. लसीचा बर्फाचा डबा मांडीवर धरून मी पुढच्या सीटवर बसायचे. चिखलात चाकं फिरायला लागली की अप्पा छोटा दांडा ओढून पुढची चाकं जोडत आणि गाडी गुरासारखी मान खाली घालून चिखलातून वर निघे.

इंजिन मूळ प्यूजोच्या आराखड्याचं, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. ते ४.९० म्हणजे काय, हे अप्पांनी मला पाढ्यांच्या वयात समजावलं होतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा विसाव्या हिश्शाहूनही लहान जागेत दाबली जाते, त्या दाबानंच ती भयंकर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. थंडीत लोखंडच ती उष्णता पिऊन टाकतं, म्हणून आधी हीटर प्लग तापवायचे. माझं काम वीस आकडे मोजायचं. एकोणीसला किल्ली फिरवलेली त्यांना चालत नसे.

गाडी लागली नाही की अप्पा लगेच बॉनेट उघडत नसत. जनावराचंही तसंच. आधी मालकाला विचारायचे, कालपासून खाल्लं काय, शेण कसं पडलं, रवंथ करते का. मग डाव्या कुशीत मूठ दाबून पोटाची हालचाल मोजत उभे राहायचे. सुई शेवटी. मुक्या जनावराला विचारता येत नाही म्हणून सगळं बघावं लागतं, असं ते म्हणत, आणि जीपलाही त्यांनी मुकं जनावरच मानलं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावत, तेव्हा त्यांचा चेहरा अगदी गोठ्यातल्यासारखा होई. मागे उभ्या असलेल्या मला एकच हुकूम असे, ‘धूर येतो का बघ.’

या जानेवारीत मी तेच केलं. भावाला सेल्फ मारायला सांगितलं आणि सायलेन्सरपाशी उकिडवी बसले. पांढरा धूर आला असता तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, असा अर्थ झाला असता. मग हीटर बघायचे, नाहीतर कॉम्प्रेशन. पण धुराचा मागमूसही नव्हता. तळहात धरला, तर नुसती थंड हवा. म्हणजे डिझेल पोचतच नव्हतं, आणि हीटरच्या वाटेला जायचं कारणच उरलं नाही. अर्धं काम तिथंच झालं, एक नट न खोलता.

आता टाकीपासून नोझलपर्यंत वाट धरायची. इतके दिवस उभी राहिलेली गाडी बहुधा एअर घेते. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल केला आणि हँडपंप मारायला लागले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग दमादमानं स्वच्छ डिझेलची धार. बोल्टाखालचे तांब्याचे वायसर कडक झाले होते. ते गॅसवर लाल करून पाण्यात टाकले. तांबं असं तापवलं की मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं. हा धडाही अप्पांचाच, आईच्या शेगडीवर घेतलेला.

तरी गाडी लागेना. नोझलच्या पाइपाचे नट सैल करून पुन्हा सेल्फ मारला. चारही कोरडे. पंपात डिझेल जात होतं, बाहेर येत नव्हतं. त्या क्षणी मलाही वाटलं की गॅरेजवाला बरोबर होता.

हातातला पाना खाली ठेवून मी पंपाकडे नुसती बघत बसले. त्याच्या बाजूला एक छोटा दांडा असतो. डॅशबोर्डवरचा नॉब ओढला की तार त्या दांड्याला खेचते, डिझेल तुटतं आणि इंजिन बंद पडतं. या इंजिनाला एकदा लागल्यावर विजेची गरज नसते. उतारावर गिअरमध्ये ढकलली तर किल्लीशिवायही ते लागू शकतं. आमचं जुनं घर उतारावर आणि गल्लीतली पोरं कायम जीपमध्ये खेळणारी. म्हणून गाडी उभी केली की अप्पा तो नॉब ओढूनच ठेवत. मी सुरुवातीलाच तो आत ढकलला होता. जरा जड गेला, पण गेला. प्रत्यक्षात एका पावसाळ्यात तार आवरणात गंजून बसली होती. नॉबपाशी ती वाकली आणि नॉब आत गेल्यासारखा वाटला. पंपावरचा दांडा अजून बंदच्या जागी होता, अप्पांनी शेवटचा ओढला तिथंच.

मी बराच वेळ त्याला हात लावला नाही.

मग तार सोडवली आणि दांडा बोटानं ढकलला. स्प्रिंगनं तो खटकन आपल्या जागी गेला. नोझलना डिझेल आल्यावर नट आवळले. भावानं किल्ली अर्धी फिरवली आणि मी मोठ्यानं वीस मोजले. पहिल्यांदा पांढरा धूर, मग दोन सिलिंडर, मग तीन, मग चारही. शेडच्या पत्र्यावरची धूळ खाली पडली. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली.

नवी तार अकोल्यात मिळाली, बसवायला अर्धा तास लागला. पंप आजही तोच आहे, न खोललेला. तुमच्या दारात अशी एखादी जुनी डिझेल गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः मागे जाऊन बसा. धूर येतो का, तेवढं बघा.