सशाला वेणी कशाला?

गोष्टीतला प्राणी शर्ट घालतो, दप्तर घेतो, चार शब्द बोलतो, म्हणून त्याच्या डोक्यावर माणसाचे केस काढायचे का? बरीच वर्षं मी 'हो' म्हणत आलो आणि तसंच रंगवतही आलो. त्या काळात काय काय चुकलं ते इथं लिहितो, कारण शाळांच्या भिंतींवर आजही तेच चाललेलं दिसतं.

आमचं दिंद्रुड माजलगाव तालुक्यातलं. आसपासच्या गावांत शाळांच्या 'बोलक्या भिंती' रंगवायची कामं निघतात, ती मी करतो. मुळाक्षरं, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा आणि उरलेल्या जागेत गोष्टीतले प्राणी. सुरुवातीला केस काढण्यामागे माझा हिशेब सरळ होता. ससा माणसासारखा उभा केला की त्याचं डोकं मला बोडकं वाटायचं. शिवाय केसांनी काम झटपट व्हायचं. भांग पाडला की मुलगा, दोन वेण्या आणि लाल रिबन घातली की मुलगी, पांढरा अंबाडा बांधला की आजी. प्राण्याच्या चेहऱ्याकडे नीट बघायची गरजच उरायची नाही. ती गरज उरली नाही, हेच मुळात वाईट झालं.

पहिली गफलत कानांची. एका भिंतीवर मी शेळीबाई काढली होती. आमच्याकडची शेळी म्हणजे उस्मानाबादी, बहुतेक काळीभोर, लांब लोंबत्या कानांची. मी त्या कानांच्या जागी वेण्या सोडल्या आणि कान केसांत दडवले. शेळ्या राखणारे एक आजोबा भिंतीपाशी थांबले आणि म्हणाले, "सर, हिचे कान कुठं गेले? कान दिसल्याबिगर शेरडू वळखावं कसं?" मी त्यांना म्हटलं, ही गोष्टीतली शेळी आहे. ते गप्प निघून गेले. पुढं चित्रांचा अभ्यास करताना उमगलं, की आजोबांनी एका वाक्यात जे सांगितलं होतं तेच या कामाचं मर्म आहे. जनावराचा राग, भीती, कान देऊन ऐकणं, सगळं कानांतून कळतं. बुजलेलं वासरू, कान पाडलेलं कुत्रं ही भाषा आमच्या पोरांना अक्षरओळखीच्या आधीपासून येते. मी ती पुसत होतो आणि तिच्या जागी सलूनमधला भांग देत होतो.

दुसरी गफलत कपाळाची, आणि ती शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसानं करावी याचं मला जास्त वाईट वाटतं. बैल घ्यायला गेलेला शेतकरी आधी काय बघतो? कपाळावरचा भोवरा कुठं आहे, पाठीवर गोम आहे का, शिंगांची ठेवण कशी आहे. जनावराच्या अंगावरच्या केसांची वळणंसुद्धा त्याला तोंडपाठ असतात. लाल कंधारीचा गडद तांबडा रंग आणि देवणीचे काळे-पांढरे ठिपके लांबून ओळखणारी पोरं वर्गाबाहेरच्या भिंतीवर बैल बघत होती आणि त्या बैलाच्या कपाळावर मी कुरळी झुलपं काढली होती.

उत्तर तर दरवर्षी दारात येत होतं. श्रावण अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, बैलाला सांगावा जातो, दुसऱ्या दिवशी नवरदेवासारखं सजवून त्याला मारुतीपुढे मिरवतात. शिंगांना रंग, शेंब्या, गोंडे, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. त्याचं लग्न लावतात, त्याला पुरणपोळी खाऊ घालतात. जनावराला माणसाच्या मानानं वागवण्याचा याहून मोठा सोहळा आपल्याकडे नाही. तरी कुणी त्याच्या डोक्यावर केसांचा टोप बसवत नाही. दागिना वरून चढतो, खालचा बैल बैलच राहतो.

चिऊ-काऊच्या गोष्टीतही हेच आहे. चिऊताई बाळाला न्हाऊ घालते, अंगडं चढवते, तीट लावते आणि दार उघडायला उशीर करते. ऐकणाऱ्या पोराला तिच्यात आई दिसते आणि चिमणीही दिसते. आजीनं कधी चिऊला केसांचा बुचडा बांधला नाही.

अजिंठ्याच्या 17व्या लेण्यात षड्दंत जातकाचं चित्र आहे. सहा सुळ्यांचा गजराज, आणि त्याच्यावर रुसून मेलेली हत्तीण पुढच्या जन्मी राणी होते, शिकारी पाठवून त्याचे सुळे मागवते आणि ते समोर आल्यावर कोसळते. जीव एकच, एका जन्मी हत्तीण, दुसऱ्या जन्मी राणी. चित्रकाराला हत्तिणीच्या डोक्यावर राणीचा केशसंभार काढून ओळख पटवण्याचा मोह सहज झाला असता. त्यानं तसं केलं नाही. राणीला राणीचे केस, हत्तींना हत्तींचीच अंगं, आणि तरीही त्या हत्तींची माया आणि दुःख पंधराशे वर्षांनंतर आपल्यापर्यंत पोचतं. ही गोष्ट मला आधी कुणी दाखवली असती तर माझ्या कित्येक भिंती वाचल्या असत्या.

बाहेरच्या मोठ्या चित्रकारांनीही बहुतेक हीच वाट धरली. बीट्रिक्स पॉटरनं 1902 च्या पुस्तकात पीटर सशाला निळा कोट घातला, केस दिले नाहीत. 'झूटोपिया' या 2016 च्या सिनेमात जुडी ससुली पोलिसात नोकरी करते, मोबाइल वापरते, पण तिच्या मनातलं सगळं तिच्या लांब कानांच्या चढउतारात दिसतं. त्याच सिनेमातल्या गायिका हरणीला मात्र सोनेरी केस आहेत. ती तिथं नटलेली तारका आहे, म्हणून ते खपून जातं. कारण असेल तर केस चालतील, हे मी नाकारत नाही. माझ्याकडे कारण नव्हतं, सवय होती.

आता सगळ्यात जड चूक. एका भिंतीवर शहाणी सशीण शाळेत निघालेली होती, चापून तेल लावलेल्या दोन वेण्या, लाल रिबनी. शेजारी लबाड कोल्हीण, तिला मी भुरकट, विस्कटलेल्या झिपऱ्या दिल्या होत्या. आमच्या भागातून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या जातात. काही लेकरं आजीजवळ गावात राहतात. आजीच्या हातून रोजची वेणी-फणी होत नाही, उवा होतात, मग केस बारीक कापून टाकतात, आणि ते उन्हानं भुरकट होतात. अशीच एक मुलगी मी रंग देत असताना मागं उभी होती. तिनं विचारलं, "सर, शाळंत यायला वेणी लागतीच का?" मी म्हणालो, "चित्र आहे गं ते," आणि ब्रश चालवत राहिलो. मधल्या सुट्टीत पोरं तिला कोल्हीण म्हणून चिडवत होती, ते मी ऐकलं. तरीही मी भिंत तशीच पुरी केली आणि पैसे घेऊन घरी आलो.

माणसाचे केस एकटे येत नाहीत. कुणाच्या घरी तेल आहे, कुणाची आई घरी आहे, कुणाचे केस सरळ आणि कुणाचे कुरळे, कोण सभ्य आणि कोण गबाळं, ही सगळी माणसांची वर्गवारी त्यांच्याबरोबर येते. खरी सशीण त्या मुलीला कधीच परकी वाटली नसती. तिला परकी मी केली. पुढच्या रंगकामात मी ते चित्र पूर्ण पुसून नव्यानं काढलं, पण तोवर ती मुलगी ती शाळा सोडून गेली होती.

त्यानंतरही मी एकदम सुधारलो नाही. केस काढून टाकले, तर माद्या ओळखू याव्यात म्हणून त्यांना लांब पापण्या आणि लाल ओठ दिले. चूक तीच, फक्त डोक्यावरून खाली उतरली. आता कोंबडीला कोंबडीचाच लहान तुरा देतो, मोराजवळ लांडोर तिच्या खऱ्या भुऱ्या रंगात काढतो. सिंहाची आयाळ, घोड्याची आयाळ, बुलबुलचा तुरा हे त्यांचं स्वतःचं आहे, तिथं हात मोकळा सोडतो. मात्र सिंह काढताना गीरचा बघतो. त्याची आयाळ आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा आखूड असते, त्यामुळे त्याचे कान उघडे दिसतात.

भिंती रंगवणाऱ्या माझ्या भावांना आणि कामं देणाऱ्या गुरुजींना माझी विनंती आहे. इंटरनेटवरून उतरवलेला केसाळ ससा भिंतीवर चढवू नका. गावातल्या गोठ्यात जा, शेळीचे कान आणि बैलाचं कपाळ जवळून बघा. आणि रंग द्यायच्या आधी खडूची आखणी वर्गातल्या मुलींना दाखवा. त्या काही विचारतील तर ब्रश खाली ठेवून ऐका.