कागदावर फक्त ई. कोलाय

कोंबड्यांची मर पाच टक्क्यांच्या वर गेली की कंपनी आमच्या पैशातून कापते. तसं करारात लिहिलंय, खाली माझी सही आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. लॉट उचलल्यावर हिशोबाच्या कागदावर सुपरवायझरनं जी ओळ लिहिली, ती मात्र अजून डोक्यातून जात नाही: 'कारण ई. कोलाय. शेतकऱ्याचे व्यवस्थापन कमी.'

सिन्नरकडचं आमचं शेड, करारावरचं ब्रॉयलर. पिल्लं, खाद्य, लस कंपनीची. शेड, तूस, वीज, मजुरी आमची. लॉट थंडीतला होता. चौथा आठवडा लागला आणि रात्री दिवे घालवले की शेडमधून खुरखुर ऐकू यायला लागली. मर नव्हती, खाणं जरा कमी झालेलं. सुपरवायझरला फोन केला. "काका, थंडी आहे. पडदे बघा," एवढंच उत्तर.

खुरखुर कमी होत गेली आणि मग मर लागली. तेव्हा सुपरवायझर साहेब आले. शेडबाहेर पक्षी फाडला. हृदयावर आणि यकृतावर पांढरट-पिवळा थर, हवेच्या पिशव्या गढूळ. "कोलाय," असं म्हणून त्यांनी हातमोजे काढले. मी म्हटलं, श्वासनलिका चिरून बघा. नाइलाजानं चिरली. नलिकेला दोन फाटे फुटतात तिथंच घट्ट पिवळा बोळा अडकलेला. दुसऱ्या पक्ष्यात तसाच, तिसऱ्यातही. "हेपण लिहा," मी म्हणालो. "काका, निष्कर्ष तोच ना!"

निष्कर्ष तोच कसा? ई. कोलाय हा जिवाणू प्रत्येक कोंबडीच्या आतड्यात असतो, तुसात असतो, शेडच्या धुळीत असतो. एरवी तो का मारत नाही? आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकांनी मला हे नीट समजावलं. श्वासनलिकेला आतून बारीक केसांचं अस्तर असतं. आत आलेली धूळ ते चिकट स्रावासकट वर ढकलून टाकतं. आयबीचा विषाणू, म्हणजे कोंबड्यांचा कोरोना, किंवा एच९एन२ फ्लू हे अस्तर खरवडून काढतो. मग धुळीतला कोलाय थेट हवेच्या पिशव्यांत, तिथून रक्तात, हृदयावर. पक्षी मरायला लागतात तोवर नलिकेतला विषाणू बऱ्याचदा निघून गेलेला असतो. कुलूप फोडणारा पसार आणि पंचनाम्यात नाव आत सापडलेल्याचं.

उलटंही घडतं, हे ऐकून मी चकित झालो. फ्लूच्या विषाणूवरचं एक प्रथिन कापलं गेल्याशिवाय तो पेशीत शिरू शकत नाही. ते कापणारं रसायन काही स्टॅफिलोकॉकस जिवाणू सोडतात. म्हणजे जिवाणूही विषाणूला वाट करून देतो. आणि गंबोरो हा विषाणूचा रोग आधी झालेला असेल तर पक्ष्याची प्रतिकारशक्तीच ढासळलेली असते.

आणखी एक गोष्ट. आयबीच्या जिवंत लसीतला विषाणूही त्या अस्तराला थोडी इजा करतो आणि तेवढ्यातही कोलायचं फावतं. ती लस दिली कोणी? कंपनीनं. ती इजा कोणाच्या व्यवस्थापनात धरायची? म्हणून लस नको असं मात्र कोणी म्हणू नये. लसीशिवाय लॉट काढायची माझी तरी छाती नाही.

पडद्यांचंही तेच. सोडले तर तुसातला अमोनिया वाढतो आणि तोही ते केस मारतो. उघडले तर पिल्लं गारठतात. ज्यानं हिवाळ्यात एक रात्र शेडवर काढली नाही, त्यानं व्यवस्थापनावर शेरा मारू नये.

नवीन पोरांना माझं सांगणं आहे: खुरखुर सुरू झाली त्याच दिवशी नमुने घ्यायला लावा, पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवा. मर लागल्यावर तपासलं तर कोलायच सापडणार. आणि दुकानदार देईल ते अँटिबायोटिक पाण्यात ओतू नका. विषाणूवर ते चालत नाही, कोलाय मात्र त्याला सरावतो. कोलिस्टिनवर तर २०१९ पासून बंदीच आहे.

कागदावर कारणांचे दोन रकाने हवेत, विषाणू वेगळा आणि जिवाणू वेगळा, असं मी कंपनीच्या बैठकीत बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण खरं विचाराल तर दोन्ही रकाने भरले तरी मर मरच राहते, कापायचे पैसे ते कापणारच. मग भांडलो कशाला, असं बायको विचारते. पुढचा लॉट त्याच कंपनीचा घेतलाय, त्यामुळे तिला काय उत्तर देणार?